जामखेड, एच ६ : पाषाणी अशनींच्या श्रेणींचा इतिहास

महाराष्ट्राच्या भूमीवर पडलेल्या आणि पुढे अभ्यासकांच्या हाती सुरक्षित पोहोचलेल्या अशनींची यादी लांबलचक नाही. परंतु तिच्यातील प्रमुख नोंदी एकाखाली एक मांडल्या, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. वऱ्हाडातील चांदकापूर (१८३८) एल ५, जामखेड (१८६६) एच ६, खानदेशातील भागूर (१८७७) एल ६, तेव्हाच्या हैदराबाद संस्थानातील नावकी (१९२८) एच ६, अंदुरा (१९३९) एच ६ आणि नागपूर जिल्ह्यातील काटोल (२०१२) एल ६, अशा या नोंदी आहेत. पावणेदोनशे वर्षांच्या काळात, वेगवेगळ्या जिल्ह्यांत, वेगवेगळ्या ऋतूंत पडलेल्या या दगडांपुढील आकडा मात्र पाच किंवा सहा हाच आहे. हा आकडा दगडाचे वजन, वय किंवा दुर्मिळता सांगत नाही. दगड ज्या मूळ लघुग्रहाचा भाग होता, त्याच्या पोटात असताना त्याला किती उष्णता सोसावी लागली, हे तो सांगतो. ही उष्णता मोजण्याची रीत माणसाला कशी गवसली, याचा इतिहास सुमारे दोनशे वर्षांचा आहे आणि त्यात भारतीय खेड्यांनी उचललेला वाटा मोठा आहे.

सोलापूरच्या वाचकाला या यादीतील सर्वांत जवळचे नाव जामखेडचे. अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुका सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्याला लागून आहे. ज्यांचे नाव सोलापूर विद्यापीठाला दिले गेले, त्या अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव चौंडी याच तालुक्यात सीना नदीच्या काठी आहे, आणि हीच सीना पुढे सोलापूर जिल्ह्यातून वाहत हत्तरसंग-कुडल येथे भीमेला मिळते. ५ ऑक्टोबर १८६६ रोजी जामखेडला पडलेल्या अशनीचा आज संग्रहात असलेला अंश अवघ्या काही ग्रॅमांचा आहे. तरीही तिच्या नावापुढे ‘एच ६’ अशी निश्चित खूण लागते, कारण अशनीची श्रेणी ठरवायला दगडाचा पातळसा छेदही पुरेसा होतो. या खुणेतील अक्षर रासायनिक गट दाखवते आणि आकडा रूपांतरणाची श्रेणी दाखवतो. रूपांतरण म्हणजे खडक न वितळता, घन स्थितीतच, उष्णतेमुळे किंवा दाबामुळे त्याची खनिजे आणि पोत बदलत जाण्याची क्रिया. पृथ्वीवर चुनखडीचा संगमरवर होतो तो याच क्रियेने.

सोलापूर ज्या खडकावर वसले आहे, त्याची कहाणी वेगळी आहे. भुईकोट किल्ल्याच्या तटात लागलेला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, आणि तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वर आलेल्या लाव्हारसाच्या थिजण्यातून तयार झाला. त्याची काळी माती झाली, तरी मूळ खडक मोठ्या उष्णतेत पुन्हा भाजला गेला नाही. जामखेडची अशनी याच्या उलट मार्गाने आली. तिचे घटक सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे पृथ्वी पुरती आकाराला येण्याआधी, सूर्याभोवतीच्या धूळ-वायूच्या चकतीत बनले, एका लघुग्रहात गोळा झाले आणि तेथे कोट्यवधी वर्षे तापत व निवत राहिले. म्हणून अशा दगडात दोन इतिहास एकावर एक लिहिलेले असतात: पहिला घडणीचा आणि दुसरा भाजणीचा. दुसऱ्या लेखनाने पहिले किती पुसले, हे ठरवणे म्हणजेच अशनीची श्रेणी ठरवणे.

अशनी खरोखर आकाशातून पडतात, हे युरोपातील विद्वानांना अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत मान्य नव्हते. १७९४ मध्ये अर्न्स्ट क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञाने तसे प्रतिपादन करणारे पुस्तक लिहिले, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवणारे थोडेच निघाले. मतपरिवर्तनाला जे पुरावे कारणी लागले, त्यांत १९ डिसेंबर १७९८ रोजी बनारसजवळ पडलेल्या दगडांचे स्थान मोठे आहे. हे दगड लंडनला पोहोचल्यावर एडवर्ड हॉवर्ड या रसायनज्ञाने इतर ठिकाणी पडलेल्या दगडांबरोबर त्यांचे पृथक्करण केले आणि १८०२ मध्ये दाखवून दिले की, जगाच्या वेगवेगळ्या भागांत पडलेल्या या दगडांच्या धातुकणांत निकेल सापडते आणि त्यांची रचना एकमेकींशी जुळते. त्याचा सहकारी काउंट द बूर्नों याने दगडांचे खनिजवर्णन करताना बनारसच्या नमुन्यातील बारीक गोल कणांकडे लक्ष वेधले. हेच कण पुढे कॉन्ड्रूल म्हणून ओळखले गेले. कॉन्ड्रूल म्हणजे अवकाशात वितळलेल्या सिलिकेटचे थेंब झपाट्याने निवून बनलेले, बहुधा मिलिमीटरभर किंवा त्याहूनही लहान गोल कण. पुढील वर्षी, एप्रिल १८०३ मध्ये, फ्रान्समधील लेगल येथे दगडांचा वर्षाव झाला, ज्याँ-बातीस्त बियो यांनी त्याची जागेवर जाऊन चौकशी केली आणि वाद मिटला.

त्यानंतरच्या काळात भारतात पडलेले दगड जतन करण्याची एक व्यवस्था हळूहळू उभी राहिली. खेड्यात दगड पडला की प्रतिक्रिया ठिकठिकाणी वेगळी होई; कोठे तो देव मानून पुजला जाई, कोठे अपशकुन समजून फोडला जाई, तर कोठे त्याचे तुकडे औषध किंवा ताईत म्हणून वाटले जात. यातून जे वाचले ते महसुली अधिकाऱ्यांच्या हातून जिल्ह्याच्या ठाण्याला आणि तेथून कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीकडे किंवा १८५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे पोहोचू लागले. सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांच्या काळात, १८६०च्या दशकात, इंग्लंडमधील रॉबर्ट ग्रेग यांचा अशनीसंग्रह विकत घेतला गेला आणि कोलकात्याचा संग्रह जगातील मोठ्या संग्रहांत गणला जाऊ लागला. त्याच काळात व्हिएन्नाचे विल्हेल्म हायडिंगर आणि लंडनचे नेव्हिल स्टोरी मॅस्केलिन हे भारतीय अशनींचे तुकडे मिळवून त्यांचा अभ्यास करीत होते. जामखेडचा दगड पडला तो या घडामोडींच्या ऐन मध्यावर. १९१६ मध्ये जॉन कॉगिन ब्राउन यांनी कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधील अशनींची सविस्तर सूची प्रसिद्ध केली आणि १९३२ मध्ये सी. ए. सिल्बेराड यांनी भारतीय अशनींची यादी दिली. गाव, तारीख आणि वजन यांच्या या कोरड्या नोंदींमुळेच पुढच्या पिढ्यांना तोच दगड पुन्हा हाती घेऊन नवे प्रश्न विचारता आले.

दगड जमले, पण त्यांची वर्गवारी कशी करायची हा प्रश्न उरला होता. बर्लिनचे गुस्ताव रोझे यांनी १८६३-६४च्या सुमारास कॉन्ड्रूल असलेल्या पाषाणी अशनींना ‘कॉन्ड्राइट’ हे नाव दिले. त्याच सुमारास इंग्लंडमधील हेन्री सॉर्बी यांनी खडकाचा इतका पातळ छेद घासून काढण्याची रीत अशनींना लावली की, त्यातून प्रकाश आरपार जावा. असा छेद साधारण ०.०३ मिलिमीटर जाडीचा असतो आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यातील प्रत्येक खनिज आपापला रंग दाखवते. कॉन्ड्रूल हे एके काळी वितळलेले थेंब होते, हा सॉर्बी यांचा निष्कर्ष आजही टिकून आहे. व्हिएन्नाचे गुस्ताव चेर्माक आणि अरिस्टिडेस ब्रेझिना यांनी रोझे यांची पद्धत वाढवली. दगडाचा रंग पांढरा, करडा की काळा, त्यात शिरा आहेत की नाहीत, पोत भुसभुशीत की स्फटिकमय, अशा दृश्य लक्षणांवर त्यांनी वर्ग आणि उपवर्ग पाडले. हे काम चिकाटीचे होते, परंतु दिसणे आणि घडणे यांचा संबंध त्यातून स्पष्ट होत नव्हता. एखादा दगड काळा असेल तर तो मुळातच तसा, की आघाताने काळवंडलेला, की कार्बनमुळे काळा, हे रंगावरून ठरत नाही. ज्या लक्षणांना वेगवेगळी कारणे असू शकतात, ती एकाच रकान्यात बसवल्यामुळे वर्गांची संख्या वाढली आणि अर्थ धूसर झाला.

पहिली सुटका रसायनशास्त्राने केली. ब्रिटिश म्युझियममधील जॉर्ज प्रायर यांनी १९१६ च्या सुमारास दाखवले की, कॉन्ड्राइटमध्ये धातुरूप लोह जितके कमी, तितके त्या धातूत निकेलचे प्रमाण अधिक आणि तितकेच सिलिकेट खनिजांत लोह अधिक. म्हणजे लोह हे धातू म्हणून राहिले की ऑक्सिजनशी जोडले जाऊन खनिजात गेले, यावर दगडाचे स्वरूप अवलंबून असते. १९५३ मध्ये हॅरोल्ड युरी आणि हार्मन क्रेग यांनी जुन्या पृथक्करणांची कसून छाननी केली आणि निकृष्ट नोंदी वगळल्यावर सामान्य कॉन्ड्राइटांचे दोन स्वच्छ गट पडतात असे सिद्ध केले: एकात एकूण लोह जास्त, दुसऱ्यात कमी. यांनाच एच आणि एल ही अक्षरे मिळाली. पुढे १९६० च्या दशकात, एकूण लोह आणि धातू दोन्ही कमी असलेला एलएल हा तिसरा गट वेगळा काढण्यात आला. एकाच गटातील दगडांची घडण एकसारख्या द्रव्यातून झाली, बहुधा एकाच किंवा एकसारख्या मूळ पिंडांत झाली, असे यातून मानले जाऊ लागले. जामखेड, नावकी आणि अंदुरा हे तिन्ही दगड एच गटातले, तर चांदकापूर, भागूर आणि काटोल एल गटातले.

तरीही एक कोडे शिल्लक होते. एकाच गटातील, जवळजवळ एकाच रासायनिक घडणीचे दोन दगड सूक्ष्मदर्शकाखाली पूर्ण वेगळे दिसत. एकात कॉन्ड्रूलांचे काठ रेखीव, तर दुसऱ्यात ते शोधूनही सापडू नयेत, इतके आसपासच्या द्रव्यात मुरलेले. हा फरक उष्णतेचा असावा, अशी शंका पूर्वीच्या अभ्यासकांनीही बोलून दाखवली होती. परंतु ती मोजण्याचे साधन नव्हते. ते साधन इलेक्ट्रॉन सूक्ष्मशोधकाच्या रूपाने मिळाले. या यंत्रात इलेक्ट्रॉनांचा अतिशय बारीक झोत छेदावरील एकाच कणावर पाडतात आणि त्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून त्या कणाची रासायनिक घडण ओळखतात. केसाच्या जाडीहून लहान स्फटिकाचेही पृथक्करण शक्य झाल्यावर एक महत्त्वाची गोष्ट उघड झाली: काही कॉन्ड्राइटांत ऑलिव्हीन या खनिजाच्या प्रत्येक कणात लोहाचे प्रमाण वेगळे असते, तर इतरांत सगळ्या कणांत ते एकसारखे असते.

या निरीक्षणावर उभे राहून रँडल व्हॅन श्मुस आणि जॉन वूड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये कॉन्ड्राइटांचे जे रासायनिक-शिलावैज्ञानिक वर्गीकरण मांडले, तेच थोड्याफार दुरुस्त्यांसह आजही जगभर वापरले जाते. त्यांनी एका अंगाने रासायनिक गट आणि दुसऱ्या अंगाने एक ते सहा श्रेणी असा तक्ता केला आणि श्रेणी ठरवण्यासाठी दहा कसोट्या सांगितल्या. ऑलिव्हीन व पायरोक्सीन या खनिजांची समांगता, पायरोक्सीनची स्फटिकरचना, कॉन्ड्रूलांमधील काचेची अवस्था, नव्याने वाढलेल्या फेल्स्पार या खनिजाच्या कणांचा आकार, धातूतील आणि सल्फाइडमधील निकेल, कॉन्ड्रूलांभोवतीच्या भरणद्रव्याचा पोत, कॉन्ड्रूलांचा रेखीवपणा, कार्बनचे प्रमाण आणि पाण्याचे प्रमाण अशा या कसोट्या होत. या सर्व कसोट्या बहुतांशी एकाच दिशेने बदलतात, हे या वर्गीकरणाचे बळ आहे. कारण त्या सगळ्यांच्या मागे तापणे हे एकच कारण उभे आहे.

श्रेणी तीनच्या दगडाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर गोल, अर्धगोल आणि तुटके कॉन्ड्रूल दाटीवाटीने बसलेले दिसतात. काहींत ऑलिव्हीनच्या समांतर पट्ट्या, काहींत एका बिंदूपासून पंख्यासारखे पसरलेले पायरोक्सीनचे तंतू, आणि या स्फटिकांच्या फटींतून स्वच्छ, पारदर्शक काच. काच म्हणजे इतक्या वेगाने निवलेले द्रव्य की, त्याला स्फटिक होण्यास सवड मिळाली नाही. कॉन्ड्रूलांभोवती काळे, अपारदर्शक, अतिसूक्ष्म कणांचे भरणद्रव्य असते. हाच दगड तापत गेला की अणू हळूहळू एका कणातून दुसऱ्यात सरकू लागतात. प्रथम ऑलिव्हीनमधील लोहाचे प्रमाण सारखे होते, मग पायरोक्सीनचे. काच गढूळ होते आणि तिच्यातून फेल्स्पारचे सूक्ष्म स्फटिक उगवतात. भरणद्रव्य पुन्हा स्फटिकरूप घेऊन पारदर्शक होते. श्रेणी चारमध्ये फेल्स्पारचे कण दोन मायक्रॉनहूनही लहान असतात, श्रेणी पाचमध्ये ते मोठे होतात, आणि श्रेणी सहामध्ये पन्नास मायक्रॉनच्या पुढे जाऊन साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही स्पष्ट दिसू लागतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जामखेडच्या एच ६ या खुणेचा अर्थ असा की, या दगडात ही सर्व स्थित्यंतरे शेवटापर्यंत पोहोचली आहेत आणि बनारसच्या दगडात बूर्नों यांना दिसलेले गोल कण येथे शेजारच्या खनिजांत बव्हंशी विरून गेले आहेत. बनारसचा दगड आज एलएल ४ म्हणून नोंदलेला आहे. त्यातील कॉन्ड्रूल बूर्नों यांच्या नजरेत भरले, यामागे ही कमी भाजणीच आहे.

या श्रेणींना तापमानाचे अंदाजही जोडता येतात. श्रेणी तीनचे दगड सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या आत राहिले, श्रेणी चारचे त्याहून थोडे वर गेले, श्रेणी पाचचे ७०० अंशांच्या पुढे, आणि श्रेणी सहाचे साधारण ७५० ते ९५० अंशांपर्यंत तापले. त्याच्याही पुढे दगड वितळू लागतो. या उंबरठ्यावरील मोजक्या नमुन्यांसाठी पुढे श्रेणी सात सुचवण्यात आली. श्रेणी एक आणि दोन यांच्याबाबत मात्र व्हॅन श्मुस आणि वूड यांच्या मूळ कल्पनेत दुरुस्ती करावी लागली. त्यांच्या मांडणीत एकपासून सहापर्यंत उष्णता चढत जाते असे गृहीत होते. नंतरच्या संशोधनातून कळले की, एक आणि दोन हे दगड कमी तापलेले असले तरी मूळ स्थितीत मुळीच राहिलेले नाहीत, तर लघुग्रहावरील द्रवरूप पाण्याने त्यांच्यातील खनिजे बदलून टाकली आहेत. म्हणून आज तीन हा आकडा मध्यबिंदू मानतात: तेथून खाली गेले की पाण्याचा परिणाम वाढतो आणि वर गेले की उष्णतेचा. म्हणजेच सौरमालेच्या आरंभीचे द्रव्य ज्याला न बदललेले पाहायचे आहे, त्याने श्रेणी तीनचा, आणि तोही तिच्या अगदी खालच्या पायरीवरचा दगड शोधला पाहिजे.

येथे भारतीय अशनींचे महत्त्व ठळक होते. श्रेणी तीनमधील सगळे दगड सारखे नाहीत, हे लवकरच लक्षात आले होते. १९८० मध्ये डेरेक सिअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या श्रेणीचे ३.० ते ३.९ असे दहा भाग पाडले. त्यासाठी त्यांनी ऊष्मादीप्तीचा उपयोग केला. म्हणजे नमुन्याला प्रयोगशाळेत किरणोत्सर्गाची ठरावीक मात्रा देऊन मग तो तापवला असता त्यातून बाहेर पडणारा मंद प्रकाश मोजला. हा प्रकाश मुख्यतः फेल्स्पारमधून येतो, आणि फेल्स्पार काचेतून उष्णतेने उगवतो. साहजिकच दगड जितका भाजलेला, तितका प्रकाश अधिक. श्रेणी तीनच्याच दगडांत हा प्रकाश सुमारे हजारपटीने कमी-जास्त भरला. या उतरंडीवरील अनेक पायऱ्या भारतात पडलेल्या दगडांनी व्यापल्या आहेत: गुजरातेतील धजाला (१९७६) ३.८, मदुराईजवळील पर्नाली (१८५७) ३.६, उत्तर प्रदेशातील चैनपूर (१९०७) ३.४, तेथीलच बिशुनपूर (१८९५) ३.१५, आणि तळाशी मध्य प्रदेशातील तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातील सेमरकोना. २६ ऑक्टोबर १९४० रोजी पडलेल्या या दगडाचे वजन ७०० ग्रॅमच्याही आत आहे. २००५ मध्ये जेफ्री ग्रॉसमन आणि एड्रियन ब्रेअर्ली यांनी ऑलिव्हीनमधील क्रोमियमच्या वाटणीवरून ही मोजपट्टी आणखी बारीक केली, तेव्हा सेमरकोनाला ३.०० ही श्रेणी मिळाली. पाण्याचा थोडा स्पर्श त्याच्या भरणद्रव्याला झाला असला, तरी उष्णतेच्या दृष्टीने तो सामान्य कॉन्ड्राइटांमधील आरंभबिंदू ठरला आहे.

आता प्रश्न उरतो तो या उष्णतेच्या उगमाचा. शंभर-दोनशे किलोमीटर व्यासाचा लघुग्रह सूर्यापासून दूर असतानाही आतून ९०० अंशांपर्यंत कसा तापला? १९५५ मध्ये युरी यांनी सुचवले होते की, ॲल्युमिनियम-२६ या किरणोत्सर्गी समस्थानिकाच्या ऱ्हासातून ही उष्णता मिळाली असावी. समस्थानिक म्हणजे एकाच मूलद्रव्याचे, पण वेगळ्या अणुभाराचे रूप. आणि ॲल्युमिनियम-२६ चा अर्धायुकाल सुमारे सात लाख वर्षांचाच असल्याने ते आज मूळ रूपात उरलेले नाही. त्याच्या ऱ्हासातून बनणारे मॅग्नेशियम-२६ मात्र खनिजात अडकून राहते. मेक्सिकोत पडलेल्या आयेंदे या अशनीत त्याचा भक्कम पुरावा १९७६ मध्ये मिळाला. सामान्य कॉन्ड्राइटांमध्ये तसाच पुरावा १९८९ मध्ये इयान हचिऑन आणि रॉबर्ट हचिसन यांनी दाखवला, आणि तो ज्या दगडात सापडला तो सेमरकोनाच होता. न भाजलेल्या दगडानेच भाजणीचे इंधन ओळखून दिले, यात नवल नाही. पुरता भाजलेल्या दगडात अणू इकडून तिकडे सरकल्याने अशी नाजूक नोंद पुसली जाते.

या स्पष्टीकरणातून मूळ पिंडाचे एक चित्र तयार झाले, ज्याला शास्त्रज्ञ ‘कांद्याच्या पापुद्र्यांचा नमुना’ म्हणतात. कांद्याच्या पेठेसाठी नाव मिळवलेल्या सोलापूरला ते समजावून सांगण्याची गरज नाही: गाभ्याशी श्रेणी सहा, तिच्याभोवती पाच, मग चार आणि बाहेरच्या पापुद्र्यात तीन. खोलवरचा भाग जास्त तापतो आणि फार सावकाश निवतो, म्हणून एच गटातील श्रेणी सहाच्या दगडांतील फॉस्फेट खनिजांची वये श्रेणी चारच्या दगडांहून काही कोटी वर्षांनी कमी भरतात, आणि मोजमापे या अपेक्षेशी पुष्कळशी जुळली आहेत. तथापि १९८१ मध्ये एडवर्ड स्कॉट आणि आर. एस. राजन यांनी धातूच्या कणांवरून काढलेले निवण्याचे वेग काही दगडांत श्रेणीशी जुळत नाहीत, असे दाखवून दिले. यावरून काही मूळ पिंड मध्येच आपटून फुटले आणि त्यांचे तुकडे पुन्हा विस्कळीत रीतीने एकत्र आले, असे मत पुढे आले. आजचे बहुतेक अभ्यासक दोन्ही गोष्टींना जागा देतात: आरंभी पापुद्र्यांची रचना आणि नंतर आघातांनी झालेली मोडतोड.

ज्या पिंडांनी ॲल्युमिनियम-२६ अधिक प्रमाणात टिकून असतानाच, म्हणजे अधिक लवकर, आकार घेतला, ते केवळ भाजले गेले नाहीत तर वितळले. महाराष्ट्रात अशा दगडाचेही उदाहरण आहे. १८४३ मध्ये खानदेशातील माणेगाव येथे पडलेली अशनी डायोजेनाइट प्रकारची आहे; तिच्यात कॉन्ड्रूल नाहीत, ती जवळजवळ संपूर्ण पायरोक्सीनची बनलेली आहे, आणि असे दगड वेस्टा या लघुग्रहाच्या कवचातून आले असे मानले जाते. अशा वितळलेल्या पिंडांमध्येही ॲल्युमिनियम-२६ होते, याचा पुरावा १९९९ मध्ये अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी राजस्थानातील पिपलिया कलाँ या अशनीत शोधला. श्रेणींचा तक्ता माणेगावच्या दगडाला लागू होत नाही, कारण वितळणे ही रूपांतरणाची सीमा ओलांडण्याची क्रिया आहे.

भाजणी आणि आघात यांतील भेद समजण्यासाठी काटोलची अशनी उपयोगी पडते. २२ मे २०१२ रोजी दुपारी काटोल परिसरात दगडांचा वर्षाव झाला आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तुकडे गोळा करून अभ्यास केला. एल ६ हा तिचा आकडा मूळ पिंडातील जुन्या, संथ उष्णतेचा आहे. परंतु तिच्यात काळ्या, काचमिश्रित शिरा आहेत, आणि त्या फार नंतरच्या, क्षणभर टिकलेल्या प्रचंड धडकेच्या खुणा आहेत. धडकेची तीव्रता मोजण्यासाठी १९९१ मध्ये डिटर श्टोफलर, क्लाउस काइल आणि एडवर्ड स्कॉट यांनी एस १ ते एस ६ असा वेगळा क्रम ठरवला. कारण भाजणीची श्रेणी आणि धडकेची श्रेणी एकमेकींवर अवलंबून नाहीत. काटोलच्या शिरांमध्ये २०२१ मध्ये खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील सुजय घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ब्रिजमनाइट हे खनिज सापडले. पृथ्वीच्या अंतर्भागात सुमारे ६६० किलोमीटरच्या खाली हे खनिज सर्वाधिक प्रमाणात असते. पण तेथून ते जमिनीवर आणता येत नसल्याने नैसर्गिक नमुन्यासाठी अभ्यासकांना अशनींकडेच पाहावे लागते.

वर्गीकरणाची खरी परीक्षा अवकाशात झाली. जपानच्या हायाबुसा यानाने इतोकावा या लघुग्रहावरील धूळ २०१० मध्ये पृथ्वीवर आणली आणि तिचे कण एलएल गटातील श्रेणी चार ते सहाच्या कॉन्ड्राइटांशी जुळले. दीडशे वर्षे केवळ पडलेल्या दगडांवरून बांधलेली अनुमाने मूळ ठिकाणच्या नमुन्याने पक्की केली. निव्वळ दिसण्यावरून केलेले वर्ग काळाच्या ओघात गळून पडले. घडण्याच्या कारणावर उभे राहिलेले वर्गीकरण टिकले.

या सगळ्या ज्ञानाचा पाया मात्र शेतात, गावठाणात आणि माळावर पडलेले दगडच आहेत. भारतातील बहुतेक अशनी पडताना पाहिल्यामुळेच मिळालेल्या आहेत. कारण त्यांतील धातू पावसाळ्यात गंजतो आणि दख्खनच्या काळ्या रानात काळा दगड काळ्या दगडांमध्ये मिसळून जातो. सोलापूर परिसरात हा धोका अधिक आहे. तरीही ताजी पाषाणी अशनी ओळखता येते: तिच्यावर मिलिमीटरभर जाडीचेही नसणारे काळे, वितळून थिजलेले कवच असते, तुटलेल्या बाजूने आत ती फिकट करडी आणि धातूच्या चकाकत्या ठिपक्यांची असते, त्याच आकाराच्या बेसाल्टपेक्षा ती जड लागते आणि लोहचुंबकाला ओढ देते. असा दगड पडलेला दिसला, तर तो धुऊ नये, त्याला तेल-शेंदूर लावू नये, फोडून वाटून घेऊ नये. पडल्याची तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवावी, दगड स्वच्छ कोरड्या कागदात गुंडाळावा आणि तहसील कार्यालयामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे पोहोचवावा. सेमरकोनाचा दगड सातशे ग्रॅमांचाही नव्हता आणि जामखेडचा तर मुठीत मावणारा अंश उरला. तरीही दोन्ही विज्ञानाच्या कामी आले, ते कोणीतरी त्यांची नोंद केली आणि ते जपून पुढे दिले म्हणून.